बदामी की मोतिया?

पैठणच्या जुन्या वस्तीतलं एक घर. माजघराच्या भिंतीला पुट्टी भरून, घासून, वर प्रायमरचा हात दिलेला. त्यावर दीड-दोन फुटांचे दोन चौकोन: सासूबाईंनी निवडलेला बदामी, सूनबाईंनी निवडलेला मोतिया. शेड कार्ड भिंतीला लावून पाहिलं, तर दोन्ही रंग कार्डाशी जुळेनात.

"काकू, आत्ता बघू नका. वाळू द्या," पेंटर म्हणतो. इमल्शन वाळलं की बहुधा थोडं गडद होतं. चुन्याचं नेमकं उलटं. मारताना पाणचट आणि वाळल्यावर पांढराफेक. ज्यांचा जन्म चुना-निळीत गेला, त्यांना ओल्या रंगावर भरवसा न ठेवायची सवय असते, ती इथे कामाला येते.

वाळल्यावरही भांडण मिटत नाही, कारण चौकोन एकमेकांना चिकटून आहेत. बदामीशेजारी मोतिया निळसर वाटतो, मोतियाशेजारी बदामी पिवळाजर्द. पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. त्याला दोष रंगात सापडला नाही, शेजारच्या धाग्यांत सापडला. त्यावरचा त्याचा ग्रंथ 1839 साली निघाला. पैठणच्या विणकराला हे सांगायला नको. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलला की रंग पालटतो.

पेंटर मग मोतियाचा नवा चौकोन समोरच्या भिंतीवर मारतो. सकाळी दोन्ही रंग बरे दिसतात. दुपारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं, तेव्हा बदामी तापल्यासारखा दिसू लागतो. शिवाय चार भिंती एकाच रंगाच्या झाल्या की उजेड एकीवरून दुसरीवर आपटत राहतो आणि रंग कार्डापेक्षा दाट भासतो. त्यामुळे बदामीची एक छटा फिकी घ्यावी, हा पेंटरचा सल्ला रास्त आहे.

खरी परीक्षा दिवे लागल्यावर. छताजवळची एलईडी ट्यूब 6500 केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी. तिच्याखाली मोतिया दवाखान्यासारखा थंड आणि बदामी मळकट. शेजारून 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब आणून लावला, तर सूनबाईंचा मोतिया एकदम उबदार झाला. (रंगाचा डबा उघडण्याआधी दिवा बदलून पाहावा, तो कितीतरी स्वस्त पडतो.)

शेवटी माजघराला मोतिया आणि पिवळसर दिवे ठरले, तर पूर्वेच्या ओसरीला फिका बदामी. दुकानात मशीनवर मिसळलेल्या डब्यांत छटेचा किंचित फरक पडू शकतो, म्हणून पेंटरने मोतियाचे सगळे डबे एकदमच मागवलेत. ते एका मोठ्या बादलीत ओतून ढवळल्याशिवाय तो रोलर बुडवणार नाही.