समुद्राची खानेसुमारी

१९९२ साली फ्रेडरिक ग्रासल आणि नॅन्सी मॅसिओलेक यांच्या शोधनिबंधाने समुद्रातल्या प्रजातींचा अंदाज एकदम एक कोटीवर नेला. अमेरिकेच्या न्यू जर्सी आणि डेलावेअरच्या किनाऱ्यापासून दूर, दीड ते अडीच हजार मीटर खोलीवरच्या गाळाचे २३३ ठोकळे त्यांच्या हाताशी होते. एकेक ठोकळा जेमतेम फूटभर लांब-रुंद; सगळे शेजारी शेजारी मांडले तर मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनात एकेकाळी मिळणारी २२५ चौरस फुटांची खोली भरेल. एवढ्याशा गाळात ९०,६७७ प्राणी निघाले, त्यांच्या प्रजाती ७९८, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक विज्ञानाला अनोळखी. तळावर पुढे सरकत जावे तशी साधारण दर चौरस किलोमीटरला एक नवी प्रजाती भेटते, असा वेग त्यांनी काढला. खोल तळाचे क्षेत्रफळ तीस कोटी चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. त्याने गुणले तर आकडा हाताबाहेर जातो. म्हणून बराचसा तळ अन्नाला महाग आहे हे ध्यानात घेऊन त्यांनी तो एक कोटीपर्यंत खाली आणला.

त्याच वर्षी रॉबर्ट मे यांनी त्याच निबंधातून वेगळा निष्कर्ष काढला. हाती आलेल्या प्रजातींपैकी निम्म्याच्या आसपास नव्या असतील, तर एकूण प्रजाती माहीत असलेल्यांच्या दुपटीच्या आसपास असाव्यात, म्हणजे सुमारे पाच लाख. एकाच गाळातून वीसपट फरकाचे दोन आकडे निघाले, तेव्हा हा सगळा हवेतला कारभार आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मतभेद नेमक्या एका जागी आहे. नमुन्यात एकदाच सापडलेला प्राणी तेवढ्याच तळावर राहतो, की अख्ख्या महासागरात विरळ पसरला आहे? पहिले खरे असेल तर गुणाकार वाजवी; दुसरे खरे असेल तर पुढच्या ठोकळ्यांत तेच विरळ प्राणी हळूहळू पुन्हा भेटणार. हा प्रश्न खोल समुद्रापुरता नाही. न्यू कॅलेडोनियातल्या कूमाक इथल्या २९५ चौरस किलोमीटरच्या उथळ पाण्यात फिलिप बुशे आणि सहकाऱ्यांनी नेटाने शोध घेतला, तेव्हा शंख-शिंपल्यांच्या वर्गातल्या २,७३८ प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या २० टक्के प्रजातींचा एकेकच नमुना हाती आला. सगळा वाद या एकुलत्या एक नमुन्यांभोवती फिरतो.

पुढच्या आकड्यांकडे या नजरेने पाहिले की त्यांची प्रतवारी लावता येते. (जिवाणू या हिशेबात नाहीत, प्रजाती ही कल्पनाच त्यांना नीट लागू पडत नाही.) २०११ मध्ये कॅमिलो मोरा आणि सहकाऱ्यांनी संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती या उतरंडीतले गणिती नाते पुढे ताणून समुद्रासाठी २२ लाखांचा आकडा दिला. गणित देखणे आहे, पण त्या पायऱ्या माणसाने पाडल्या आहेत; कोळ्यांच्या कुलाची व्याप्ती आणि माशांच्या कुलाची व्याप्ती एका मापाची असण्याचे काही कारण नाही. २०१२ मध्ये वॉर्ड अॅपेल्टान्स यांच्यासह सुमारे १२० वर्गीकरणतज्ज्ञांनी आपापल्या गटांचा हिशेब मांडला, तो सात ते दहा लाखांवर थांबला. मला हाच आकडा अधिक भरवशाचा वाटतो, आणि त्याचे कारण वजाबाकीत आहे. तोवर वैध ठरलेल्या सागरी प्रजाती होत्या सुमारे २ लाख २६ हजार. पण त्यांच्याच बोकांडी आणखी १ लाख ७० हजार जादा नावे बसली होती. उत्तर अटलांटिकच्या खडकांवरच्या लिटोरिना सॅक्साटिलिस या एका गोगलगायीला तर शंभराहून अधिक शास्त्रीय नावे मिळालेली आहेत. तीच गोगलगाय दर वेळी नवी म्हणून मोजली गेली, हे कुठलेही सूत्र सांगत नाही. ते शंख हातात घेऊन पाहणाराच सांगतो.

तज्ज्ञ आपल्या ओळखीच्या जगापलीकडे पाहत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. सूक्ष्म गोलकृमींसारख्या गटांत अभ्यासकच मोजके, तिथे त्यांचा अंदाज लंगडा असणार. डीएनए तपासणीने हा आक्षेप आणखी धारदार केला. कोकणात बोय म्हणतात त्या माशांपैकी मुगिल सेफॅलस ही जगभरच्या उबदार किनाऱ्यांवर आढळणारी एकच प्रजाती मानली जाई. जनुके तपासल्यावर तिच्यात डझनाहून अधिक वेगळ्या वंशरेषा दिसल्या. अशी फोड झाली की संख्या वाढते, शिवाय प्रत्येक तुकड्याचा मुलूख आक्रसतो, आणि ग्रासल-मॅसिओलेक यांच्या बाजूचे पारडे जड होते. तरीही अॅपेल्टान्स यांच्या गटाने अशा छुप्या प्रजाती हिशेबात धरल्या होत्या. दुसरा दाखला २०२३ चा. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात ५,५७८ प्रजातींचा अंदाज निघाला, आणि त्यांतल्या सुमारे ९० टक्के बेनाव. हे प्रमाण जगभर लावले तर दहा लाखांची मर्यादा मोडते. पण बेनाव असणे आणि फक्त तिथेच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजारो किलोमीटर अंतरावर, अजून कोणी गाळ न उपसलेल्या तळावर, तेच प्राणी असू शकतात. नव्यांचे प्रमाण प्रजातींचा मुलूख सांगत नाही.

मुलुखाचा हा प्रश्न भारतालाही लागू आहे. मध्य हिंदी महासागरात बहुधात्विक गोट्यांच्या शोधासाठी ७५,००० चौरस किलोमीटरचा तळ आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी केलेल्या कराराने भारताकडे आहे. गोटे उचलायचे म्हणजे वरचा गाळ खरवडायचा. तिथले विरळ प्राणी दूरवर पसरलेले असतील तर शेजारच्या तळावरून पुन्हा वस्ती होऊ शकते. त्यांचा मुलूख त्या पट्ट्यापुरताच असेल तर यंत्राच्या एका फेरीत प्रजाती संपते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये त्या खोऱ्यातला गाळ मुद्दाम ढवळून परिणाम तपासायला सुरुवात केली. अशा प्रयोगात प्राण्यांची संख्या किती सावरली हे गटवार मोजता येते. पण सावरलेल्यांत आधीच्याच प्रजाती आहेत का, हे ठरवायला प्रत्येक कृमी प्रजातीपर्यंत ओळखावा लागतो, आणि त्यासाठी जहाजाइतकाच वर्गीकरणतज्ज्ञांच्या पगारावर खर्च करावा लागेल.