बाजार घाबरलेला असताना ‘ॲपल’वर भरवसा कशाच्या जोरावर?

पलूसच्या विहारात रविवारची वंदना झाली की आमच्या गप्पा नोकरी, कर्ज आणि हल्ली शेअर बाजारावर येतात. ‘बाजार पडलाय, मोठ्या कंपनीचे शेअर घेऊन टाकू का?’ हा प्रश्न किर्लोस्करवाडीत कामाला जाणारी पोरंही विचारतात आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारीही. दाखला ठरलेला असतो: ॲपल.

दाखला खोटा नाही. जनता कर्फ्यूच्या दुसऱ्या दिवशी, २३ मार्च २०२० रोजी, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. तिकडे अमेरिकेत संगणक आणि फोन बनवणाऱ्या ॲपलचा शेअर फेब्रुवारीत ३२७ डॉलरच्या आसपास होता, तो त्याच दिवशी २२४ वर आला. चीनमधले कारखाने आणि दुकाने बंद पडल्याने ठरवलेली विक्री होणार नाही, हे कंपनीने आधीच कबूल केले होते. तरीही काही गुंतवणूकदार विकत घेत राहिले.

ते वेडे नव्हते. कंपनीकडे रोख आणि रोखे मिळून सुमारे २०७ अब्ज डॉलर होते. कर्ज वजा केले तरी ९९ अब्ज उरत होते. वर्षभर दुकाने बंद राहिली तरी ती बुडणार नव्हती. शिवाय माणसे घरी बसली म्हणजे घरून काम आणि घरून शाळा, आणि त्यासाठी संगणक लागणारच. जून २०२० च्या तिमाहीत मॅक संगणकांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा २२ टक्क्यांनी वाढली. ऑगस्टमध्ये कंपनीचे बाजारमूल्य दोन लाख कोटी डॉलरवर गेले. म्हणजे भरवसा ताळेबंदावर होता, पडलेल्या भावावर नव्हता.

पण गोष्ट इथेच थांबवणारे फसवतात. संगणक बनवणारी कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. सन मायक्रोसिस्टिम्सचा शेअर २००० नंतर कोसळला तेव्हाही ‘स्वस्त मिळतोय’ म्हणत घेणारे होते. तो जुना भाव परत आलाच नाही आणि २०१० मध्ये ओरॅकलने कंपनी विकत घेतली. यूट्यूबवर यांचे व्हिडिओ कोण बनवणार?

आमच्या पोरांचे नुकसान मात्र बहुतेक वेळा शेअरमध्येही होत नाही. ते होते फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, टेलिग्रामवरच्या ‘टिप’वर. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारातल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांनी तोटा सोसला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. आमच्या ओळखीच्या एका मुलाने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे असेच घालवले आणि कित्येक महिने घरी सांगितले नाही.

बाजार आपला विषय नाही, असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांशीही आम्ही सहमत नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. ज्ञान होते, दार बंद केले गेले. आज डिमॅट खाते कोणीही उघडू शकतो. ताळेबंद वाचायला मात्र आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा संकटासाठी राखून. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या किती घरांत हा चौथा भाग होता, ते आठवा. म्हणून विहारात कोणी शेअरचे विचारले की आम्ही आधी एवढेच विचारतो: हे पैसे कुठल्या भागातले?