एशरची वही

मॉरिट्स एशरची चित्रे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, पोस्टरांवर सगळ्यांनीच पाहिलेली असतात. मला मात्र चित्रांपेक्षा त्याच्या वह्यांचे वेड अधिक आहे. डोरिस शाट्‌श्नायडर या गणिताच्या प्राध्यापक बाईंनी १९९० साली एका देखण्या ग्रंथात त्या उजेडात आणल्या. सरकवणे, फिरवणे, परावर्तन ही भूमितीतली रूपांतरे मुलांना कशी शिकवावीत, असा प्रश्न पडलेल्या प्रत्येक शिक्षकाने आधी त्या पाहाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

ग्रानादाचा आल्हाम्ब्रा राजवाडा एशरने १९२२ साली पाहिला. १९३६ साली तो पुन्हा तिथे गेला आणि पत्नी येट्टासोबत बसून त्याने भिंतींवरच्या फरशांचे नमुने उतरवून घेतले. पुढच्या वर्षी त्याने आपली रेखाटने थोरल्या भावाला, बेरला दाखवली. बेर लायडेनला भूशास्त्राचा प्राध्यापक होता. हा तर स्फटिकशास्त्राचा विषय आहे, हे त्याने लगेच ओळखले आणि धाकट्याला लेखांची एक यादी पाठवली.

त्या यादीत गणितज्ञ जॉर्ज पोल्याचा १९२४ सालचा एक लेख होता. सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पुन्हापुन्हा येणाऱ्या नमुन्यांच्या सममितीचे प्रकार सतराच. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्हने हे १८९१ मध्येच सिद्ध केले होते. पोल्याने प्रत्येक प्रकाराचे एकेक चित्र दिले होते. मजकूर मात्र गटसिद्धान्ताच्या भाषेतला, आणि एशर शाळेची अखेरची परीक्षाही पास न झालेला. त्याने तो लेख हाताने वहीत उतरवून काढला, सतराही नमुने स्वतः रेखाटले. सिद्धान्त त्याला पेलला नाही, पण चित्रांना त्याने एकच प्रश्न सतत विचारला: ही फरशी शेजारच्या फरशीवर नेमकी कशी जाते? सरकून, एका बिंदूभोवती फिरून, की सरकता सरकता उलटून?

या प्रश्नातूनच १९४१-४२ ची वही तयार झाली. तिच्यातली वर्गवारी पोल्याची नाही, सर्वस्वी एशरची आहे. चौकोनाच्या जातीला अक्षर, रूपांतराच्या पद्धतीला रोमन आकडा. अर्ध्या फेऱ्याच्या केंद्रावर लहानसे वर्तुळ, पाव फेऱ्याच्या केंद्रावर चौरस. शिवाय शेजारच्या दोन आकृत्यांचा रंग एक असता कामा नये, ही स्वतःवर घालून घेतलेली अट. त्या अटीपायी तो रंगांच्या सममितीपर्यंत पोचला. दोनहून अधिक रंगांचा पद्धतशीर विचार स्फटिकशास्त्रज्ञांनी केला तो पुढे पन्नाशीच्या दशकात.

त्याचे १९३९ चे सरड्यांचे रेखाटन घ्या. तीन रंग, आणि तिसऱ्या हिश्श्याचा फेरा घेणारी तीन तऱ्हांची केंद्रे. अशा केंद्राभोवती तेवढा फेरा दिला की प्रत्येक सरडा दुसऱ्या सरड्याच्या जागी जातो. १९४३ च्या प्रसिद्ध शिळाछापात याच रेखाटनाची वही टेबलावर उघडी पडली आहे आणि सरडे तिच्यातून बाहेर येऊन पुन्हा तिच्यात शिरत आहेत. १९४६ च्या घोडेस्वारांत सरक-परावर्तन, म्हणजे सरकता सरकता उलटणे, आहे: एका रंगाचे स्वार डावीकडे, दुसऱ्या रंगाचे उजवीकडे. भौतिकशास्त्रज्ञ यांग यांनी मूलकणांवरच्या आपल्या पुस्तकात हेच चित्र घेतले, कारण परावर्तन आणि रंगबदल मिळून सममिती कशी साधते, हे त्यात डोळ्यांना दिसते.

अशी चित्रे म्हणजे धड्यावरची सजावट, खरा विषय सूत्रांचा, असे मानणारे आहेत. मला हे पटत नाही, आणि साक्षीला कॅरोलिन मॅकगिलाव्री आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये स्फटिकशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापक बाईंनी विद्यार्थ्यांना सममिती शिकवण्यासाठी एशरच्या रेखाटनांचेच पुस्तक केले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाच्या वतीने ते १९६५ मध्ये निघाले. पोल्यानेही १९४५ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात प्रश्न सोडवणाऱ्याला आकृती काढायला आणि सोयीची चिन्हे योजायला सांगितले. त्याच्याच लेखावर एशरने हे कितीतरी आधी करून ठेवले होते.

आपल्या वर्गात हे सहज आणता येते. तिरपागडी, स्वतःशी कुठेच न जुळणारी एक आकृती आणि ट्रेसिंग पेपर एवढे पुरते. दोन प्रश्न विचारायचे. कागद पालथा घालावा लागला का? कोणते बिंदू जागचे हलले नाहीत? पालथा न घालता एकच बिंदू स्थिर राहिला तर आकृती फिरली. एकही राहिला नाही तर ती सरकली. पालथा घालून एक अख्खी रेषा स्थिर राहिली तर परावर्तन. काहीच स्थिर राहिले नाही तर सरक-परावर्तन. चारही रूपांतरे वेगळी झाली, आणि क्ष-य निर्देशकांना अजून हातही लावलेला नाही. त्यांची पाळी यानंतर यावी, म्हणजे चिन्ह का बदलले हे मुलाला आधीच ठाऊक असते.

मात्र खुणा मुलांच्या स्वतःच्या हव्यात. केंद्राला कोणी फूल काढेल, कोणी फुली. रंग कोणता कुठे भरायचा, हे तिने किंवा त्याने ठरवावे आणि का ते शेजारच्याला समजावून सांगावे. फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली, सुबक पण मुकी वही तपासून शिक्षकाला काहीच कळत नाही. मुलाने योजलेली खूण पाहिली की त्याला काय उमगले आणि कुठे अडले, हे एका नजरेत कळते. म्हणून गुण द्यायचेच असतील तर ते या वहीला द्यावेत.