अक्षरांचा सण

दरवर्षी 24 मे रोजी बल्गेरियातील गावोगावी शाळकरी मुलांच्या मिरवणुका निघतात आणि त्यांच्या अग्रभागी फुलांच्या माळांनी सजविलेल्या दोन संतांच्या तसबिरी असतात. हे संत म्हणजे नवव्या शतकातील ग्रीक धर्मप्रचारक सिरिल आणि मेथोडियस, दोघे सख्खे भाऊ. जुन्या जुलियन पंचांगातील 11 मे हा त्यांचा स्मृतिदिन आजच्या पंचांगात 24 मे रोजी येतो. रोमन कॅथलिक मंडळी तो 14 फेब्रुवारीस पाळतात, तर चेक व स्लोव्हाक मुलखांत 5 जुलैला त्यांच्या नावे सरकारी सुट्टी असते. धर्मप्रचारकांच्या उत्सवात देवळाच्या बरोबरीने शाळेलाही मान मिळावा, ही गोष्ट मला विलक्षण हृद्य वाटते. कारण ज्यांच्या भाषेला लिपीच नव्हती अशा लोकांना या बंधूंनी प्रथम अक्षरे दिली आणि मग ग्रंथ दिला.

त्यांचा जन्म थेस्सलोनिका या बंदराच्या शहरी, एका लष्करी अंमलदाराच्या घरी झाला. शहराच्या आसपास स्लाव्ह लोकांची दाट वस्ती असल्यामुळे त्यांची बोली या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत होती. थोरल्या मेथोडियसने काही काळ एका स्लाव्ह सुभ्याचा कारभार पाहिला आणि पुढे अधिकारपद सोडून मठवास पत्करला. धाकट्याचे मूळ नाव कॉन्स्टंटाइन; कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारी विद्वानांत तो ‘तत्त्वज्ञ’ म्हणून ओळखला जाई.

इ. स. 862 च्या सुमारास मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव्ह याचे वकील बादशहा तिसऱ्या मायकेलच्या दरबारी आले. प्रजा ख्रिस्ती झाली आहे, परंतु तिला तिच्या भाषेत धर्म समजावून देणारा गुरू हवा, अशी त्यांची विनंती होती. तिच्यामागे राजकारणही होते: शेजारच्या जर्मन धर्माधिकाऱ्यांचा वरचष्मा रास्तिस्लाव्हला जाचत होता. बादशहाने या बंधूंची निवड केली. मात्र निघण्यापूर्वी कॉन्स्टंटाइनने स्लाव्ह ध्वनींसाठी एक स्वतंत्र लिपी रचली. ती आज ‘ग्लागोलित्सा’ या नावाने ओळखली जाते. पुढे योहानाच्या शुभवर्तमानापासून भाषांतराला आरंभ झाला. परक्या मुलखात धर्म सांगावयास निघालेल्या माणसाने आधी तेथील लोकांच्या उच्चारांकडे कान लावून बसावे, यात मला त्याच्या श्रद्धेची खरी उंची दिसते.

863 मध्ये ते मोराव्हियात पोचले आणि तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी शिष्य घडविले, उपासनाविधी स्लाव्ह भाषेत आणले. जर्मन पाद्र्यांना हे रुचले नाही. रोमच्या वाटेवर व्हेनिस येथे लॅटिन धर्मपंडितांनी कॉन्स्टंटाइनला घेरले आणि हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषांत देवाची स्तुती करणे विहित आहे, असा आक्षेप घेतला. त्यावर पाऊस आणि सूर्यप्रकाश देवाने सर्वांनाच दिलेले नाहीत काय, असा प्रतिप्रश्न करून, आर्मेनियन, जॉर्जियन, गॉथ असे आपापल्या भाषेत उपासना करणारे समाज त्याने एकामागून एक सांगितले. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला या वादाचे मर्म उलगडून सांगावे लागत नाही; आणि 1616 मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले, तेव्हा त्यामागेही हीच जाण होती.

पोप दुसऱ्या एड्रियनने त्यांचे ग्रंथ आशीर्वादपूर्वक मान्य केले आणि रोमच्या मंदिरांत स्लाव्ह भाषेत उपासना झाली. परंतु कॉन्स्टंटाइनची प्रकृती ढासळली. मठदीक्षा घेऊन व सिरिल हे नाव धारण करून तो 14 फेब्रुवारी 869 रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी निवर्तला. हाती घेतलेले काम टाकून मठात परतू नकोस, अशी त्याने थोरल्या भावाला गळ घातली होती.

ती मेथोडियसने पाळली, आणि तिची भारी किंमतही मोजली. पोपने त्याला आर्चबिशप नेमले असतानाही बव्हेरियाच्या बिशपांनी, तो आपल्या इलाख्यात घुसला असे ठरवून, 870 मध्ये त्याला कैद केले. पोप आठव्या जॉनच्या हुकमाने 873 मध्ये त्याची सुटका झाली. ज्या पदाची सनद खुद्द रोमने दिली, त्याच पदापायी एका वृद्ध धर्मगुरूला स्वधर्मीयांनीच कोंडून ठेवावे, हे वाचताना मन विषण्ण होते. 6 एप्रिल 885 रोजी तो वारला आणि त्याच्या अंत्यविधीत लॅटिन, ग्रीक व स्लाव्ह या तिन्ही भाषांत प्रार्थना झाल्या.

त्यानंतर थोड्याच काळात त्याच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलून देण्यात आले. काहींना तर गुलाम म्हणून विकले गेले. क्लेमेंट, नाउम प्रभृती काहीजण डॅन्यूब नदीच्या वाटेने बल्गेरियाचा राजा बोरिस याच्या आश्रयास आले. क्लेमेंटने ओह्रिद परिसरात अध्यापन करून सहस्रावधी शिष्य तयार केले. तेथेच, बल्गेरियात, ग्रीक वळणाची एक सुटसुटीत लिपी सिद्ध झाली. सिरिलने ती रचली नव्हती, तरी तिला त्याचे नाव मिळाले. आज बल्गेरिया, सर्बिया, रशिया आणि युक्रेन येथील मुले याच सिरिलिक लिपीत मुळाक्षरे गिरवतात; ज्या मोराव्हियासाठी मूळ अक्षरे रचली गेली, तेथे मात्र लॅटिन लिपी रुजली.