नाव जुळलं, पण माणूस तोच कशावरून?

जुन्या कागदात आपण शोधत असलेलं नाव दिसलं, की पहिला शब्द तोंडातून निघतो, 'सापडला!' पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझंही तेच झालं. एकाच नावाच्या दोन माणसांना एक समजून मी अख्खं टिपण लिहिलं. गाइडनी वाचून फक्त विचारलं, "हा तोच कशावरून?" टिपण बाद!

या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं, हे शिकायला रिचर्ड मोरचं उदाहरण फार कामाचं आहे.

१६२० मध्ये इंग्लंडहून 'मेफ्लॉवर' जहाज अमेरिकेत गेलं आणि प्लिमथची वसाहत उभी राहिली. जहाजावर मोर आडनावाची चार लहान भावंडं होती, एलन, जास्पर, रिचर्ड आणि मेरी. सोबत आईवडील नव्हते. मुलं तीन कुटुंबांकडे सोपवलेली होती. पहिला हिवाळा संपेपर्यंत तिघं दगावली, एकटा रिचर्ड जगला. पुढे तो खलाशी झाला आणि सेलमला राहिला. मग ही मुलं होती कोणाची?

पहिला कागद म्हणजे वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांची प्रवाशांची यादी. त्यात रिचर्ड आणि 'त्याचा एक भाऊ' एकाच घरी दिल्याची नोंद आहे. प्रत्यक्षात तो भाऊ नव्हता, मेरी होती. ब्रॅडफर्ड स्वतः जहाजावर होते, पण यादी लिहिली सुमारे तीस वर्षांनी. म्हणजे साक्षीदार अस्सल असला, तरी नोंद कधी केली हे बघावंच लागतं.

दुसरा कागद, इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या शिप्टन गावचं चर्चचं रजिस्टर. १६१२ ते १६१६ या काळात तिथे याच चार नावांच्या मुलांचा बाप्तिस्मा झाला. रिचर्डची तारीख १३ नोव्हेंबर १६१४. एक नाव जुळणं योगायोग असू शकतो. चार भावंडांचा अख्खा संच जुळला, तर शक्यता बरीच वाढते. पण ती अजून शक्यताच, कारण शिप्टनची मुलं जहाजावर चढली असं रजिस्टर सांगत नाही.

तिसरा कागद १६८४ चा. म्हाताऱ्या रिचर्डने शपथेवर सांगितलं, की आपलं वय सत्तरच्या आसपास आहे आणि १६२० मध्ये आपण लंडनला थॉमस वेस्टन यांच्या घरी होतो, तिथून आपल्याला प्लिमथला पाठवलं. आता वजाबाकी करा. १६८४ मधून ७० गेले, १६१४ उरले!

साखळी पूर्ण झाली ती १९६० मध्ये. अँथनी वॅग्नर यांनी मोर घराण्याच्या कागदपत्रांतला १६२२ च्या सुमाराचा एक दस्त प्रसिद्ध केला. कॅथरिन मोरने मुलांसाठी न्यायालयात दाद मागितली होती, त्यावर तिचा नवरा सॅम्युएल याने दिलेलं हे उत्तर. ही मुलं आपली नसून जेकब ब्लेकवेची आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने ती आईपासून तोडली आणि जहाजाने पाठवून दिली. शिप्टन आणि प्लिमथ यांना थेट जोडणारा दुवा हाच.

इथे एक गोष्ट विसरू नका. हा कागद एका बाजूने लिहिलेला आहे. मुलं पाठवली, हे सॅम्युएलच्या कबुलीवरून मानता येतं. पण मुलं ब्लेकवेचीच होती, हा त्याचा आरोप आहे. कॅथरिनचं म्हणणं आपल्याला कळतं तेही त्याच्याच उत्तरातून. तिच्यापासून चार ते आठ वर्षांची चार मुलं गेली होती. एकाच दस्तातली दोन विधानं सारख्या वजनाची नसतात, ती अशी.

आता उलटं उदाहरण. लंडनजवळच्या स्टेपनीच्या चर्चमध्ये १६४५ मध्ये एका रिचर्ड मोरच्या लग्नाची नोंद आहे. आपल्या रिचर्डची बायको तेव्हा सेलमला हयात होती. मग हा दुसराच कोणी असेल? पण नोंदीत नवऱ्याचं गाव सेलम आणि धंदा खलाशाचा लिहिलाय. नाव, गाव, धंदा, तिन्ही जुळतात, त्यामुळे त्याने दोन संसार केले असं अभ्यासक मानतात.

तुमच्या वहीत प्रत्येक माणसासाठी चार रकाने आखा: नाव सोडून काय जुळतं, नोंद कोणी केली, कधी केली, आणि त्यात त्याचा स्वार्थ काय. पहिला रकाना रिकामा राहिला, तर 'सापडला' म्हणायची घाई करू नका.