मोठ्या माणसांचा मुडदूस

एकत्र कुटुंबात एखाद्या मुलास ताप आला की सारे घर जागे होते. पण घरातील वडीलधाऱ्या बाईची कंबर दुखू लागली तर तिची विचारपूस करण्यास कोणास सवड नसते. 'वय झाले', 'वात आहे' अशी समजूत घालून तो विषय संपविला जातो, आणि ती बाईही निमूटपणे तसेच मानून चालते.

आमच्या नात्यातील एका घरी असेच घडले. तेथील काकूंची कंबर व मांड्या दोन वर्षे दुखत होत्या. तेले झाली, शेक झाले, पट्टे झाले. पुढे पूजा आटोपून पाटावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार लागू लागला. जिना चढावयाचा तर कठड्यास धरून अंग ओढून घ्यावे लागे; चालही बदकासारखी डुलती झाली. तरी 'संधिवात' हे नाव काही सुटले नाही. अखेर रक्ताची तपासणी झाली, तेव्हा रोग निराळाच निघाला. त्याचे नाव अस्थिमृदुता. डॉक्टर त्यास ऑस्टिओमलेशिया म्हणतात. लहान मुलांस मुडदूस होतो, त्याचेच हे प्रौढ वयातील रूप होय.

हाड तयार होते ते दोन पायऱ्यांनी. आधी प्रथिनांचा मऊ साचा बनतो, आणि मग त्यात कॅल्शियम व फॉस्फरस यांचे क्षार बसून तो कठीण होतो. या रोगात साचा बनतो, पण क्षार पुरेसे बसत नाहीत. उतारवयात हाडे विरळ होतात तो विकार वेगळा. त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा भेद केवळ पंडिती नव्हे. विरळ हाडांवरील काही औषधे, मऊ हाडांचा दोष दूर होण्यापूर्वी दिली तर अपाय करतात.

क्षार न बसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ड जीवनसत्त्वाची उणीव. अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात यावयास हे जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीतच तयार होते. काश्मिरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली एक पुस्तक लिहून दाखवून दिले की, पडद्यातील स्त्रियांची हाडे मऊ पडतात ती प्रकाशाच्या अभावाने. अशा स्त्रियांच्या कटिराचा आकार बिघडे आणि बाळंतपण जिवावर बेते.

आमच्या घरांत पडदा नाही, हे खरे. पण सकाळी स्वयंपाकघर, दुपारी माजघर आणि संध्याकाळी दूरदर्शन असा दिवस गेला, तर ऊन अंगास लागावयाचे केव्हा? कचेरीत दिवस काढणाऱ्या पुरुषांची गोष्टही फारशी निराळी नाही. बारा महिने ऊन असलेल्या देशात उन्हाचाच दुष्काळ पडावा, हे नवल खरे. पण ते घडते आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'कोवळे ऊन हाडांस चांगले' असे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. ते ऊन सुखाचे असते. परंतु ड जीवनसत्त्व निर्माण करणारे किरण त्यात फारच थोडे असतात. आपली सावली आपल्याहून आखूड पडते, त्या वेळचे ऊन कामाचे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही, कारण काच ते किरण अडविते. सावळ्या कातडीस गोरीपेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर जावे. मात्र वैशाखात भर दुपारी उन्हात बसण्याचे साहस करू नये.

आहाराने ही उणीव भरून निघणे कठीण, कारण आपल्या शाकाहारी अन्नात ड जीवनसत्त्व अत्यल्प असते. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. ते अवश्य घ्यावे. ज्या दुधात किंवा तेलात ड जीवनसत्त्व मुद्दाम घातलेले असते, त्याच्या पिशवीवर तशी नोंद असते. ती पाहून घ्यावे.

उन्हावाचूनही हा रोग होतो. गव्हातील ग्लूटेनमुळे आतडे बिघडणे, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे दुखणे, फेफऱ्यावरील काही जुनी औषधे वर्षानुवर्षे घेणे, ही त्यांतील काही कारणे. क्वचित एखादी बारीकशी गाठ शरीरातील फॉस्फरस लघवीवाटे घालविते. म्हणून कारण शोधल्याशिवाय उपचार पुरा झाला असे मानू नये. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे कार्य एवढी तपासणी बहुधा दिशा दाखविते. क्ष-किरण चित्रात कधी हाडास बारीक चिरा दिसतात.

उपचार साधा आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा. ६०,००० युनिटांची गोळी पुष्कळदा आठवड्यातून एकदा, काही आठवडे देतात, आणि जोडीस कॅल्शियम. ही गोळी चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, अतितहान, भ्रम आणि मूत्रपिंडास इजा असे अनर्थ ओढवतात. घरातील एका जाणत्या माणसाने गोळीचा वार भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवावा, हे उत्तम. शेजारणीस गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेणे, हेही तितकेच घातक.

काकूंना काही आठवड्यांतच उठताबसता हुशारी वाटू लागली; हाडे भरून येण्यास मात्र कित्येक महिने लागले. आज त्या आधारावाचून जिना चढतात. पण औषधाने जे काही महिन्यांत साधले, त्यासाठी त्यांनी दोन वर्षे सोसले, ही रुखरुख त्या घरास अजून आहे.

आमच्या वाचकांस एवढीच विनंती की, आज जेवणे आटोपल्यावर आपल्या घरातील आई, आजी, काकू, आत्याबाई जमिनीवरून कशा उठतात, याकडे जरा लक्ष द्यावे. हात टेकल्याशिवाय कोणास उठता येत नसेल, तर 'वय झाले' असे म्हणण्यापूर्वी त्यांना एकदा डॉक्टरांकडे घेऊन जावे.