नाण्यातली खोट टांकसाळीची की हातोड्याची? विकायला काढण्याआधी हे बघून घ्या

दहा रुपयांचं नाणं, मधला पांढरा भाग एका बाजूला सरकलेला. रीलमधला माणूस ते बोटांत फिरवतो आणि म्हणतो, "असं नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती." असा एखादा रील तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. मग घरातले डबे उपडे होतात आणि वर्धा, आर्वी, हिंगणघाटपासून मुंबईपर्यंत एकच प्रश्न सुरू होतो, "भाऊ, याचे किती येतील?"

यातलं एक खरं आहे. टांकसाळीत चुका होतात, आणि तशी नाणी जमवणारे लोक दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे मोजतात. पण विचित्र दिसणारं प्रत्येक नाणं टांकसाळीतूनच तसं आलेलं नसतं. बरीचशी नाणी बाहेर मार खाल्लेली असतात. फरक ओळखायचा तर आधी नाणं बनतं कसं हे बघावं लागेल.

मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या समोर सरकारी टांकसाळ आहे. तिथे काय किंवा कोलकाता, हैदराबाद, नोएडात काय, पद्धत साधारण तीच. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, धुतात, दाब देऊन त्यांचा काठ थोडा उचलतात. मग कोरी चकती प्रेसमध्ये जाते. वर एक ठसा, खाली एक ठसा, भोवती घट्ट कडं. दणका बसला की नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कड एकाच क्षणी तयार होतात.

सगळी मेख या "एकाच क्षणी"मध्ये आहे. टांकसाळीतल्या चुकीची खूण बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सापडते. चकती सरकली असेल तर सिंहाची बाजूही अर्धवट आणि आकड्याची बाजूही अर्धवट, उरलेला भाग कोरा आणि गुळगुळीत. हातोड्याचं तसं नाही. घाव एका बाजूला बसतो आणि दुसरी बाजू खालच्या दगडावर नुसती चेपते.

दुसरी खूण नखाने तपासता येते. ठशावरची आकृती उलटी आणि खोलगट असते. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. ओरखडा मात्र नाण्यात खोल जातो, आणि त्याच्या काठावर बाजूला ढकललेला धातू लागतो. उंच रेघ असेल तर आशा ठेवा, खोल असेल तर बहुतेक ओरखडाच. (अपवाद आहे. दणका बसताना मध्ये धागा किंवा वंगण अडकलं तर टांकसाळीतही खोल खूण पडते.)

आता संग्राहकांच्या लाडक्या "लाखी" नाण्याकडे येऊ. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर आपटते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं चित्र येतं, आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं आणि खोलगट. याची नक्कल करायला दोन नाणी वाईसमध्ये धरून आवळतात. ती पकडणं अवघड नाही. उलट्या चित्राखाली नाण्याचं मूळ चित्र अर्धंमुर्धं दिसत राहतं आणि मागची बाजू चपटी झालेली असते. कोऱ्या चकतीवर मूळ चित्र येईल कुठून?

कडेचा तुकडा कमी असलेल्या नाण्यांचंही असंच. पट्टीवर आधीच्या भोकाला लागून चकती कापली गेली तर तिला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. खऱ्या चाव्याच्या बरोबर समोरची कड बऱ्याचदा पुसट असते, कारण काठ उचलताना तिथे पुरता दाब मिळत नाही. कानस मारणाऱ्याला हे सुचत नाही. त्याच्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते.

मग ते दहाचं नाणं? त्यातलं पिवळं कडं आणि मधली पांढरी चकती वेगवेगळी आत जातात, पण जोडली जातात त्याच दणक्यात. त्यामुळे खऱ्या चुकीत मधला भाग सरकला तरी वरचं चित्र सांध्यावरून सलग जातं. मधली चकती नंतर ठोकून काढली आणि परत बसवली असेल तर सांध्याला फट दिसते, नाहीतर घावाच्या खुणा.

फिरलेला ठसा तपासणं सगळ्यात सोपं. आजचं भारतीय नाणं वरच्या-खालच्या कडेला धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मागचं चित्र सरळच दिसायला हवं. ते पार आडवं किंवा उलटं दिसलं तर नाणं जपून ठेवा. हातोड्याने हे करता येत नाही.

शंका राहिलीच तर सराफाच्या काट्यावर वजन करा. दहाचं नाणं ७.७१ ग्रॅम भरतं आणि व्यास २७ मिलिमीटर. ॲसिडमध्ये बुडवलेलं नाणं बारीक होतं, वजनही घटतं. पण वजन बरोबर आलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. वर्ध्यात हे वेगळं सांगायला नको, जिल्ह्यातून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई अशा दोन्ही मोठ्या लाईनी जातात आणि रुळावर नाणं ठेवणारी पोरं प्रत्येक पिढीत निघतात. ते नाणं लांबट, पातळ होतं. वजन जवळपास तेच राहतं. (हा खेळ जिवावर बेततो, हेही इथेच सांगून टाकतो.)

काही गोष्टी तर चूकही नसतात. वर्षाखाली खूण नाही म्हणून नाणं दुर्मिळ ठरत नाही. चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. तांब्याच्या शिवराईवर "श्री राजा शिव" ही अक्षरं अर्धवट असतात, कारण ती हाताने पाडलेली नाणी. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. तिथे पूर्ण मजकूर दिसणंच अप्रूप. १९६९ च्या गांधी शताब्दीचं वीस पैशांचं पिवळं नाणं सेवाग्रामच्या जिल्ह्यात आवडीने जपलं जाणारच, पण ते सोन्याचं नाही.

नाणं घरीच ठोकून "एरर" बनवायचा विचार असेल तर २०११ चा नाणे कायदा बघा. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. विद्रूप केलेलं नाणं चलन म्हणूनही ग्राह्य राहत नाही. म्हणजे लाख सोडा, दहा रुपयेही गेले.

आणि विकताना समोरचा "रिझर्व्ह बँकेची फी", "कमिशन" किंवा "टॅक्स" आधी भरा म्हणाला तर तिथेच थांबा. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.